गांधर्व महाविद्यालयाचे संगीत-प्रकाशन

गांधर्व महाविद्यालयाचे संगीत-प्रकाशन : पं. विष्णु दिगंबर पलुस्कर (१८७२–१९३१) यांनी ५ मे १९०१ रोजी लाहोरला स्थापलेल्या विद्यालयाचे मुद्रण व प्रकाशनकार्य. विद्यालयाने स्वतःचा छापखाना काढला, स्वरलिपीतली क्रमिक पुस्तके छापली आणि ‘संगीतामृतप्रवाह’ हे मासिक चालवले. १९०८मध्ये मुंबईत विद्यालय सुरू झाले; पुढे तिथली वास्तू कर्जापायी गेली. पलुस्करांविषयी लिहिताना त्यांच्या शिष्यपरिवाराला जेवढी जागा मिळते तेवढी या छापखान्याला मिळत नाही, आणि हा अन्यायच आहे. वर्गात गाणे शिकवण्याचा त्यांचा सारा प्रयोग छापील पुस्तकावर उभा होता. गुरुगृही राहून रोज ऐकणाऱ्या शिष्याचे पुस्तकावाचून अडत नाही. तासापुरते येऊन घरी परतणाऱ्या विद्यार्थ्याचे अडते. छापलेली चीज मिळवायला कोणाची मर्जी सांभाळावी लागत नव्हती.

मींड, कण, आंदोलन हे स्वरांचे बारकावे कागदावर उतरत नाहीत, हा आक्षेप खरा आहे. पण पुस्तकाने गवई घडतो, असे विद्यालयाने धरलेच नव्हते. त्यासाठी उपदेशक वर्ग होता आणि त्यातले विद्यार्थी पलुस्करांजवळ राहून शिकत. पलुस्करांचेच शिष्य विनायकबुवा पटवर्धन यांनी समोर बसून तालीम घेतली होती, तरी पुढे ‘राग-विज्ञान’चे सात भाग लिहिण्याची गरज त्यांना वाटली. पलुस्करांच्या लिपीत चिन्हे फार होती. संगीतशास्त्रज्ञ भातखंडे यांची सुटसुटीत लिपी अधिक रुळली. तो दोष लिपीचा, छपाईचा नव्हे.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. जुन्नर तालुक्यातल्या नारायणगावात तमाशाच्या फडांचे गाणे मुख्यतः ऐकून-पाहूनच पुढे आले. भाऊ-बापू मांग नारायणगावकरांच्या फडातून तमाशा-कलावंत विठाबाई घडल्या त्या पुस्तकाविना. मग छापील स्वरलिपी हवी कशाला? कला जगायला ती लागत नाही, हे मान्यच करावे. मात्र फडातली विद्या घराण्यातून आणि सहवासातून मिळते. बाहेरच्याला तिथे शिरायला वाट अरुंद. रागसंगीताला शाळेचा अभ्यासक्रम मिळाला, परीक्षा मिळाल्या. तमाशातल्या लावणीला हे बराच काळ मिळाले नाही. हा फरक कलेच्या प्रतीचा नाही. एकीच्या मागे छापखाना आणि संस्था उभ्या राहिल्या, दुसरीच्या मागे कोणी उभे राहिले नाही. पलुस्करांच्या निधनानंतर शिष्यांनी गांधर्व महाविद्यालय मंडळ स्थापले. मंडळाच्या परीक्षा गावोगावी पोहोचल्या आणि १९४७पासून ‘संगीत कला विहार’ हे मासिकही निघू लागले.