न दिसणारा नियामक

परवा आमच्या जुन्या सालदाराचा मुलगा आला होता. हातात प्लॅस्टिकची पिशवी, तीत बापाची दवाखान्याची फाईल. "गुरुजी, नवीन कार्ड काढाले हे जुने कागद लागतीन का?" चष्मा लावून चाळायला बसलो आणि सबंध दुपार त्या फाईलीतच गेली. साल २०१४ चं. मी सगळं विसरलो होतो असं वाटत होतं, पण कागद पाहिले आणि सगळं आठवलं.

त्या पावसाळ्यात सालदाराच्या छातीत कळ आली. बुलडाण्याहून त्याला शेजारच्या जिल्ह्यातल्या एका खाजगी दवाखान्यात नेलं (नाव मुद्दाम लिहीत नाही). अँजिओग्राफी झाली आणि डॉक्टरांनी दोन स्प्रिंगा टाकाव्या लागतील असं सांगितलं. केशरी रेशनकार्ड होतं, म्हणून 'राजीव गांधी जीवनदायी'त कागद गेले. बारा तासांत परवानगी येते असं ऐकलं होतं. आली ती क्वेरी. रेशनकार्डावरचं नाव आणि मतदार कार्डावरचं नाव यांत एका काना-मात्रेचा फरक! तो निस्तरला तर दुसरी क्वेरी, 'दुसऱ्या स्टेंटची गरज स्पष्ट करा.' तिसऱ्या दिवशी मंजुरी आली ती एकाच स्टेंटची.

ते तीन दिवस त्याची बायको व्हरांड्यात बसून होती. घरच्या दोन बकऱ्या विकून तिनं जेवणखाण आणि जाण्यायेण्याचं भागवलं. सालदार घरी आला तेव्हा ज्याला-त्याला एकच सांगायचा, "सरकारनं माही एक स्प्रिंग कापली."

मीही तेव्हा सरकारला दोन शब्द सुनावले होते. मनातल्या मनात, म्हणा ना.

आता थोडा इतिहास. शिक्षकाची खोड आहे, वाचकहो, सहन करा.

महाराष्ट्रात १९९७ मध्ये 'जीवनदायी' नावाची योजना आली. ती दारिद्र्यरेषेखालच्या कुटुंबांसाठी होती. हृदय, मेंदू, मूत्रपिंड असे मोजकेच मोठे आजार आणि मोजकीच रुग्णालयं. शेजारच्या आंध्रात २००७ साली 'आरोग्यश्री' सुरू झाली आणि तिनं नवी रीत घालून दिली. प्रत्येक शस्त्रक्रियेचा दर आधीच ठरलेला, कागद संगणकावरून जाणार, आणि दवाखान्याच्या दाराशी एक आरोग्यमित्र बसणार. तीच रीत आपल्याकडे आली. २ जुलै २०१२ ला राजीव गांधी योजना आठ जिल्ह्यांत सुरू झाली. मुंबई शहर, मुंबई उपनगर, रायगड, धुळे, सोलापूर, नांदेड, गडचिरोली आणि अमरावती. आमचं विभागाचं ठिकाण अमरावती, पण बुलडाणा यादीत नव्हता. २१ नोव्हेंबर २०१३ ला नागपुरात समारंभ होऊन योजना राज्यभर गेली, तेव्हा आमचा नंबर लागला. मधल्या दीड वर्षात आमच्याकडचे किती जण शेत गहाण टाकून दवाखान्यात गेले असतील, याचा हिशेब कोण ठेवणार?

कुटुंबाला वर्षाला दीड लाखापर्यंत उपचार, मूत्रपिंड बदलायचं तर अडीच लाख, आणि यादीत ९७१ उपचार. सरकारनं विमा कंपनीला कुटुंबामागे सुरुवातीला ३३३ रुपये हप्ता भरला. आता ३३३ रुपयांत दीड लाखाची हमी घेणारी कंपनी कागद तपासणारच. आधी परवानगी देताना तपासणी, नंतर बिल देताना पुन्हा तपासणी. स्टेंटच्या वेष्टनावरचं स्टिकर, सीडी, फोटो, डिस्चार्ज कार्ड, सगळं जोडायचं. वाद पडला तर राज्याच्या सोसायटीचे डॉक्टर बघणार. फारच वावगं सापडलं तर दवाखाना यादीतून निलंबित. काही शस्त्रक्रिया तर सरकारी रुग्णालयांसाठीच राखून ठेवल्या.

हे सगळं संशयी वाटतं खरं. मलाही वाटलं होतं. पण अमेरिकेचा इतिहास वाचला आणि विचारात पडलो. तिथे वृद्धांसाठी मेडिकेअरचा कायदा १९६५ मध्ये झाला. उपचार गरजेचे होते की नाही, हे रुग्णालयाच्याच समितीनं बघायचं होतं. म्हणजे स्वतःच्या शाळेचे पेपर स्वतःच तपासायचे! खर्च वाढतच गेला, तेव्हा १९७२ च्या कायद्यानं रुग्णालयाबाहेरच्या डॉक्टरांच्या संस्था तपासणीला नेमल्या. १९८३ पासून आजारांचे गट पाडून गटाप्रमाणे दर बांधले. आपली 'पॅकेज' पद्धत याच कुळातली. पण दर बांधला म्हणून मोह संपत नाही, तो फक्त जागा बदलतो. दिवसाप्रमाणे पैसे मिळाले तर रुग्ण जास्त दिवस ठेवावासा वाटतो, शस्त्रक्रियेप्रमाणे मिळाले तर शस्त्रक्रिया जास्त कराव्याशा वाटतात. दर परवडत नाहीत ही डॉक्टरांची तक्रारही खोटी नाही. म्हणून कोणीतरी तिसरा बघणारा लागतोच.

दहावीचे पेपर तपासणाऱ्यांना हे वेगळं सांगायला नको. परीक्षकाच्या वर नियामक असतो. मी बरीच वर्षं परीक्षक होतो, पुढे नियामक झालो. परीक्षक असताना नियामकाचा राग यायचा, "माझ्यावर विश्वास नाही का?" नियामक झाल्यावर कळलं, विश्वासाचा प्रश्नच नसतो. साठावा पेपर तपासताना थकलेल्या माणसाचा हात चुकतो. एखाद्याचा मुद्दामही चुकतो.

आणि नियामक नसला की काय होतं, ते आमच्या घरानं पाहिलंय. माझ्या धाकट्या बहिणीची गर्भपिशवी पस्तिशीच्या आत काढली गेली. साल १९८९. "ठेवली तर कॅन्सर होईल," एवढं एकच वाक्य डॉक्टर बोलले आणि आम्ही घाबरून सही केली. मीच केली, कारण मेहुणे गावी होते. दुसऱ्या डॉक्टरला विचारावं असं बी.ए. झालेल्या मला सुचलं नाही. पैसे आमचेच होते, त्यामुळे 'गरज स्पष्ट करा' असं विचारणारं कोणी नव्हतं. आज तिची हाडं ठिसूळ झाली आहेत आणि ती काठी घेऊन चालते. हे लिहू का, असं तिला फोनवर विचारलं, तर म्हणाली, "लिही दादा, दुसऱ्या कोणाच्या तरी कामी येईल." २०१९ साली बीडच्या ऊसतोड महिलांची पाहणी झाली. ८२ हजारांवर बायकांमध्ये १३ हजारांवर बायकांच्या पिशव्या काढलेल्या निघाल्या. पेपर मिटवून मी बराच वेळ अंगणात बसलो होतो.

तर, सालदाराची स्प्रिंग. काही महिन्यांनी त्या दवाखान्यातला आरोग्यमित्र बसस्टँडवर भेटला. माझाच विद्यार्थी निघाला. म्हणाला, "सर, सीडी बघितली मुंबईच्या डॉक्टरांनी. दुसऱ्या नसेत अडथळा कमीच होता. गोळ्यांवर भागण्यासारखा." सालदार आजही आहे. गोळ्या घेतो, सकाळी शेतावर चक्कर मारतो. पण सरकारनं आपली स्प्रिंग कापली असंच तो आजही समजतो, कारण त्याला खरं कारण कोणी सांगितलंच नाही. आरोग्यमित्रानं मला सांगितलं, पण मीही त्याला लगेच जाऊन सांगितलं नाही. ती चूक माझी.

नावाच्या काना-मात्रेपायी एक दिवस गेला, तो मात्र कोणाच्याच भल्याचा नव्हता. पहिली क्वेरी आणि दुसरी क्वेरी यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे, आणि व्हरांड्यात बसलेल्या बाईला दोन्ही सारख्याच दिसतात.

योजनेला पुढे २०१७ मध्ये महात्मा फुल्यांचं नाव मिळालं. कर्जबाजारीपणानं पोळलेल्या चौदा जिल्ह्यांतले पांढऱ्या कार्डाचे शेतकरीही तीत आले, त्यात आमचा बुलडाणा होता. एप्रिल २०२० पासून ती आयुष्मान भारतला जोडून चालू लागली, आणि जुलै २०२४ पासून कुटुंबाला पाच लाखांपर्यंत संरक्षण झालं. रक्कम वाढली, म्हणजे तपासणीही वाढणार. वाढू द्या.

माझं मागणं एवढंच आहे. दहावीच्या पोराला आता बोर्डाकडून उत्तरपत्रिकेची छायाप्रत मिळते, गुण कुठे गेले ते त्याला दिसतं. रुग्णालाही तसा एक कागद मिळावा. साध्या मराठीत चार ओळी, काय मागितलं होतं, काय मंजूर झालं, आणि का.

असो. सालदाराच्या मुलाला फाईल परत दिली तेव्हा सगळं समजावून सांगितलं. तो जरा वेळ गप्प बसला, मग म्हणाला, "म्हंजे कापली नाही, वाचवली म्हना." उद्या सकाळी शेतावर जाणार आहे. बापालाही सांगायचं आहे, दहा-बारा वर्षं उशिरा का होईना.