मेमरी अ‍ॅलोकेटरचे ट्यूनिंग

चालू प्रोग्रॅमला लागेल तशी मेमरी देणाऱ्या व काम झाल्यावर ती परत घेणाऱ्या सॉफ्टवेअरची कामाच्या स्वरूपानुसार केलेली जुळणी. डग ली यांनी १९८७ मध्ये सुरू केलेला डीएलमॅलॉक हा लिनक्सवरील जीलिबसी या सी भाषेच्या मानक लायब्ररीच्या अ‍ॅलोकेटरचा पाया होय. जेसन एव्हान्स यांनी २००५ मध्ये फ्रीबीएसडीसाठी जेमॅलॉकचे काम हाती घेतले. गूगलचा टीसीमॅलॉक व मायक्रोसॉफ्टचा मीमॅलॉक हे इतर प्रसिद्ध पर्याय.

मुख्य अडचणी दोन : थ्रेडचा (प्रोग्रॅममध्ये समांतर चालणाऱ्या धाग्यांचा) सामाईक मेमरीच्या कुलपासाठी (लॉकसाठी) होणारा खोळंबा आणि मेमरीचे तुकडे पडणे. कुर्डुवाडी जंक्शनच्या यार्डात एकूण जागा पुरेशी असूनही ती वेगवेगळ्या मार्गांवर तुटक उरली, तर लांब मालगाडी उभी राहत नाही. दुसरी अडचण नेमकी हीच. शिवाय ठरावीक मापांमुळेही जागा वाया जाते : जेमॅलॉकमध्ये १३० बाइट मागितल्यास १६० बाइटांचा खण मिळतो.

खोळंबा टाळण्यासाठी अ‍ॅलोकेटर मेमरीचे स्वतंत्र विभाग (अरीना) राखतो. ६४-बिट जीलिबसीत त्यांची मूळ कमाल मर्यादा प्रोसेसर-गाभ्यांच्या आठपट असते. बहुथ्रेडी सर्व्हरची मेमरी फुगत गेल्यास ही मर्यादा २ किंवा ४ वर आणतात; मेमरी वाचते, पण थ्रेडना थांबावे लागण्याचा संभव वाढतो. जीलिबसीच्या २०१७ मधील २.२६ आवृत्तीपासून प्रत्येक थ्रेडला लहान मागण्यांसाठी स्वतःचा साठाही मिळाला.

मोकळी मेमरी ऑपरेटिंग सिस्टिमला लगेच परत केल्यास वापर घटतो, मात्र पुन्हा मागताना वेळ जातो. त्यामुळे प्रत्यक्ष भाराखाली वेग व मेमरी दोन्ही मोजून, एका वेळी एकच बदल करणे इष्ट ठरते.