खऱ्या झाडाची उसनी फांदी

आज गोष्ट जपानमधल्या एका झाडाची आहे, पण सुरुवात आंब्यापासून करू. खाली रायवळचा खुंट, वर हापूसची काडी. खुंट मुळं पुरवतो, काडी फळ देते. कलमी आंबा खाताना हे झाड खोटं आहे असं कुणी म्हणत नाही. मग जुन्या बोन्सायला दुसऱ्या झाडाची फांदी जोडली, की आपल्याला चुकल्यासारखं का वाटतं?

हे झाड म्हणजे शिंपाकू. देवदारासारखंच सूचिपर्णी, ज्युनिपरच्या कुळातलं. नावातल्या 'शिन'चा अर्थच 'खरा'. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला शिकोकू बेटावरच्या इशिझुची पर्वतावरून आणि निईगाता प्रांतातल्या इतोइगावाच्या चुनखडीच्या कड्यांवरून ही झाडं खाली येऊ लागली. माणसं दोराला लटकून ती काढत. त्यात काहींचे जीवही गेले. वाऱ्याने पिळलेलं खोड, पांढरं पडलेलं मृत लाकूड, त्यावरून चढत गेलेली जिवंत सालीची पट्टी आणि वर दाट, बारीक पालवी. असं झाड घडायला डोंगराला शतकं लागतात.

१९२३च्या सप्टेंबरमध्ये भूकंपाने टोकियो उद्ध्वस्त झालं. तिथले काही बोन्साय-माळी उत्तरेला ओमिया इथे गेले आणि १९२५मध्ये त्यांनी बोन्सायचं गावच वसवलं. कला वाढली, मागणीही वाढली. काही दशकांत कडे जवळजवळ रिकामे झाले.

इथे कलम कामाला आलं. वड-पिंपळ छाटला तरी जुन्या लाकडातून धुमारे फुटतात. ज्युनिपर किंवा पाइनच्या फांदीवरचा सगळा हिरवा भाग गेला, तर ती फांदी बहुधा मरतेच. खोडावर नको तिथे पोकळी राहिली, तर छाटणी करून ती भरत नाही. तिथे फांदी बाहेरून आणावी लागते.

त्यासाठी जपानी माळी 'योबित्सुगी' करतात. शब्दाचा अर्थ हाक मारून जोडणं. आपण याला भेट कलम म्हणतो. पालवीवालं रोप आपल्या मुळांवर जिवंत ठेवूनच खोडाच्या जिवंत पट्टीजवळ आणतात. दोघांची साल कापून आतले ओले थर एकमेकांना भिडवतात आणि घट्ट बांधतात. सांधा एकजीव झाला, की मूळ रोपाकडून येणारा रस हळूहळू तोडतात. एक-दोन हंगाम जातात. घाई केली तर फांदी वाळते.

याच रीतीने टोकदार, राठ पानांच्या दुसऱ्या ज्युनिपरच्या जुन्या खोडावरही शिंपाकूची पालवी चढवली जाते. अमेरिकेत रॉकी पर्वतातल्या ज्युनिपरवरही हे होतं. नवी पालवी जोम धरेल तशी जुनी काढत जातात. काही वर्षांनी मुळं आणि खोड एकाचं, पानं दुसऱ्याची.

आणि इथेच खरी अडचण आहे. काळ्या पाइनवर पांढऱ्या पाइनचं कलम केलं, तर खालची खडबडीत आणि वरची गुळगुळीत साल पाहून सांधा ओळखता येतो. ज्युनिपरमध्ये मात्र चांगला माळी सांधा असा मिटवतो, की जाणकारही चकतो. विकणारा गप्प राहिला, तर घेणाऱ्याला आपण डोंगरावरचं अस्सल शिंपाकू घेतल्यासारखं वाटतं.

माझं मत सांगतो. कलम ही लबाडी नाही, ते लपवणं ही लबाडी आहे. खोडाचं वय खोटं नसतं, पालवीचा गुणही खोटा नसतो. उलट कुंडीतल्या एका झाडाच्या काड्यांवरून कितीतरी झाडं सजतात आणि त्यासाठी कुणाला कड्यावर उतरावं लागत नाही. फक्त ही रीत डोंगर रिकामा झाल्यावर नव्हे, त्याआधीच जोर धरती, तर बरं झालं असतं.

तेव्हा बोन्साय पाहायला गेलात, तर वय विचाराच, पण त्याबरोबर खोड कुणाचं आणि पालवी कुणाची, हेही विचारा. भेटू पुढच्या भागात.