तोंड उघडत नाही : दोष सांध्याचा की सुपारीचा?

१/ जबडा उघडेनासा झाला की पहिला संशय कानापुढच्या सांध्यावर जातो. परतूरपासून परळपर्यंत, पानटपरीवरच्या तरुणांच्या बाबतीत मात्र तो पुष्कळदा चुकीचा असतो. खऱ्या कारणाच्या शोधाची वाट मुंबईच्या प्रयोगशाळेतून गेली.

२/ सांध्याचे ज्ञान जुने आहे. निखळलेला हनुसंधी शेकून, बसवून 'पंचांगी' बंधाने बांधावा, असे सुश्रुतसंहिता सांगते. १९३४ मध्ये अमेरिकेच्या जेम्स कॉस्टन यांनी कानाची व डोक्याची दुखणी बिघडलेल्या सांध्याशी जोडली. त्यांचे शारीररचनेचे स्पष्टीकरण पुढे टिकले नाही.

३/ १९५२ मध्ये श्वार्ट्झ यांनी केनियातील पाच भारतीय स्त्रियांचा आखडलेल्या तोंडाचा विकार नोंदवला. त्याच्या लॅटिन नावातच 'कारण अज्ञात' ही कबुली होती. १९५३ मध्ये मुंबईचे डॉ. एस. जी. जोशी यांनी त्याला 'सबम्युकस फायब्रोसिस' म्हटले. दोष सांध्यात नव्हता. तोंडाच्या अस्तराखाली तंतूंचे कठीण पट्टे तयार होत होते.

४/ पहिला आरोप मिरचीवर आला. १९६० मध्ये सिरसाट आणि खानोलकर यांनी उंदरांच्या टाळूवर मिरचीतील कॅप्सेसिन लावून तसे बदल घडवून पाहिले. परंतु मेक्सिकोतही मिरची भरपूर खातात. तेथे हा विकार का नसावा?

५/ १९६६ मध्ये पिंडबोर्ग आणि सिरसाट यांनी विकाराची व्याख्या निश्चित केली. १९८० च्या दशकात प्रयोगशाळेत दिसले की सुपारीतील अरेकोलिन पेशींना अधिक कोलॅजन निर्माण करायला लावते. १९९० मध्ये भावनगरच्या रुग्णांच्या तुलनात्मक अभ्यासानेही सुपारीकडेच बोट दाखवले.

६/ तोवर सुपारी गुटख्याच्या पुडीत शिरली होती. महाराष्ट्राने २००२ मध्ये गुटख्यावर बंदी घातली. २००४ मध्ये ती सर्वोच्च न्यायालयात टिकली नाही. २०१२ मध्ये अन्नसुरक्षा कायद्याखाली पुन्हा बंदी आली.

७/ जबड्याची प्रत्येक तक्रार सुपारीमुळे नसते. पण एकदा आवळलेले पट्टे पूर्ववत होत नाहीत आणि काही रुग्णांत त्यांचे पर्यवसान कर्करोगात होते. उपचार सांध्यावर आणि गालात सुपारी, असे चालले तर तोंड अधिकच मिटत जाते. निदानातील चुकीची किंमत ती हीच.