अवलंबन-निराकरण, स्वयंचलित

आज्ञावली तिच्या मूळ संहितेपासून बांधताना लागणाऱ्या, पण संगणकावर नसलेल्या इतर आज्ञावली आपोआप शोधून योग्य क्रमाने बसविण्याची पद्धती. एक आज्ञावली दुसरीवर विसंबून असते, या संबंधास अवलंबन म्हणतात.

स्ट्यूअर्ट फेल्डमन यांनी १९७६ मध्ये बेल प्रयोगशाळेत तयार केलेले ‘मेक’ हे साधन लिहून दिलेल्या अवलंबनांवरून केवळ बदललेले भाग पुन्हा बांधीत असे. नसलेला भाग कोठून आणावा, हे मात्र त्यास ठाऊक नसे. फ्रीबीएसडी प्रणालीच्या ‘पोर्ट्स’ संग्रहात (१९९४) प्रत्येक आज्ञावलीच्या कृतीबरोबरच संहितेचा पत्ता व तिची अवलंबने नोंदविण्यात आली. डेबियनमधील ‘डीपीकेजी’ हे साधन उणीव दाखवून थांबत असे आणि पुढील शोधाचे कष्ट वापरणाऱ्यावर पडत. मार्च १९९९ मधील डेबियन २.१ या आवृत्तीबरोबर आलेल्या ‘ॲप्ट’ने हे कष्ट पुष्कळच कमी केले.

आवृत्त्यांचे परस्परविरोध जमेस धरले, की हा प्रश्न गणिती दृष्ट्या अवघड ठरतो. त्याची सर्व उदाहरणे झटपट सोडविणारी रीत ज्ञात नाही, अशा वर्गात तो मोडतो. म्हणून ओपनसुझेने ११.० या आवृत्तीत (२००८) तर्कविधानांची पूर्तता तपासणारी पद्धत स्वीकारली.

मराठीच्या दृष्टीने हा विषय केवळ तांत्रिक नाही. पडद्यावर देवनागरी उमटण्यास टंक, जोडाक्षरे जुळविणारी आज्ञावली व टंकलेखनाची सोय ही सर्व एकत्र लागतात. एक जरी राहिली, तरी मजकुराच्या जागी रिकामे चौकोन दिसतात किंवा तो टंकलिखित करता येत नाही. रेड हॅटने २००४ पासून मुक्त परवान्याखाली दिलेली ‘लोहित’ टंकमालिका फेडोरात समाविष्ट आहे. फेडोरा २४ (२०१६) पासून मराठी भाषासंच निवडला, की भाषेस लागणारे इतर भाग त्यामागोमाग येतात.

निराकरण करणारे यंत्र लिहिलेल्या नोंदींवरच विश्वासते. एखादा उपक्रमसंग्रह कर्त्याच्या संगणकावर आधीच असला, तर त्याची नोंद राहून जाते व दोष दुसऱ्याकडे उघडकीस येतो. एल्को डोल्स्ट्रा यांच्या ‘निक्स’मध्ये (उट्रेख्ट विद्यापीठातील प्रबंध, २००६) बांधणी अलग वातावरणात होत असल्याने न नोंदलेले अवलंबन तेथेच अडते. नोंदी अचूक असूनही मूळ वस्तूच नाहीशी होण्याचा प्रसंग मार्च २०१६ मध्ये घडला. ‘लेफ्ट-पॅड’ ही अवघ्या ११ ओळींची आज्ञावली तिच्या कर्त्याने एनपीएम या भांडारातून काढून घेताच जगभरातील असंख्य बांधण्या थांबल्या. ती काही तासांतच पुन्हा उपलब्ध करण्यात आली.