गाडीच्या आधी तार आली

इंदापूर तालुक्यातल्या एखाद्या गावात रात्री इलेक्ट्रिक कार चार्जिंगला लावलेली दिसली, तर तिचा इतिहास शोरूमपासून सुरू करू नका. तो डीपीपासून सुरू होतो.

तुमच्यापैकी अनेक जण २००५ नंतरच्या भारनियमनात शाळेत असाल, किंवा जन्मलेही नसाल. तेव्हा खेड्यांत बारा-बारा तास लाइट नसायची. घर आणि विहिरीवरची मोटर एकाच लाइनवर. थ्री-फेज बंद ठेवून घरांपुरती सिंगल फेज सोडावी, तर लोक कंडेन्सर लावून तिच्यावरही मोटर ओढायचे आणि ट्रान्स्फॉर्मर जळायचा. (ऊस डोळ्यांदेखत वाळत असताना कुणीही तेच केलं असतं.) शेवटी महावितरणने गावठाणाचा फीडर शेतीच्या फीडरपासून वेगळा करायला घेतला. गावठाणात रात्रभर लाइट टिकू लागली, त्यात या कामाचा वाटा मोठा.

बारामतीच्या एमआयडीसीत कारखाना असलेल्या पियाजिओने डिसेंबर २०१९ मध्ये ॲपेची इलेक्ट्रिक रिक्षा आणली. तिची बॅटरी केंद्रावर बदलून मिळायची, घरच्या सॉकेटशी संबंध नाही. पुढच्याच महिन्यात आलेल्या नेक्सॉन ईव्हीला मात्र सॉकेट हवंच. ती आपल्याच जिल्ह्यात, रांजणगावला बनलेली. बॅटरी ३०.२ युनिटची, कागदावर ३१२ किलोमीटर. रस्त्यावर त्याहून बरंच कमी. बारामतीहून पुण्याला जाऊन यायचं तर आदल्या रात्री फुल चार्ज करणं आलंच.

घरच्या १५ अँपिअरच्या सॉकेटवर अशी गाडी साधारण ३.३ किलोवॉट ओढते. पाच एचपीची मोटर म्हणजे ३.७ किलोवॉट. थोडक्यात, अंगणात आठ-नऊ तास जवळपास एक विहिरीची मोटरच चालते. मग जुनी वायरिंग तापते. अर्थिंग नीट नसेल तर चार्जर सुरूच होत नाही, आणि वायरमनला बोलावून खड्ड्यात मीठ-कोळसा भरून नवं अर्थिंग करावं लागतं. शोरूममध्ये हे कुणी सांगत नाही.

पण आपल्याकडे निम्मं गाव मळ्यात, वस्तीवर राहतं. तिथली घरं अनेकदा शेतीच्याच लाइनवर, व्होल्टेज पडलेलं. पंपांना दिवसा वीज मिळावी म्हणून २०१७ पासून सौर कृषी वाहिनी योजना आहे; तिची लाइन पोचेपर्यंत रात्रपाळी चुकत नाही. गावठाणात गाडी चार्जिंगला लागते, त्याच वेळी वस्तीवरचा माणूस दारं धरायला निघतो. त्याच्याही हातात बॅटरीच असते, साप दिसावा म्हणून.