गोष्टीचा शेवट आणि कामाची पाळी

आपल्या मित्राने एखादी मालिका काल पाहिली आणि आपण ती आज रात्री पाहणार आहोत. अशा वेळी त्याने तिच्याविषयी आपल्यापाशी कितपत बोलावे? प्रश्न पोरकट वाटण्याजोगा आहे. वसंत व्याख्यानमालेसारख्या व्यासपीठावर मोठमोठ्या विषयांची चर्चा व्हावयाची, तेथे एका कामगार कार्यकर्त्याने दूरचित्रवाणीवरील गोष्टींचे शेवट घेऊन उभे राहावे, हे काही श्रोत्यांना रुचणार नाही. त्यांना माझी एवढीच विनंती आहे की, त्यांनी पुढील एक गोष्ट ध्यानात घ्यावी. न पाहिलेल्या भागात काय घडले हे शेजाऱ्याला सांगणे हा 1988 साली उपकार होता. तेच सांगणे तीस वर्षांनी अपराध ठरू लागले. माणसे फारशी बदलली नाहीत. त्यांचे शिष्टाचारही एरवी तेच राहिले. मग एवढ्या एका बाबतीत पारडे उलटे का फिरले, याचा शोध घेणे हा इतिहासाचाच विषय आहे, आणि त्या इतिहासाचा बराचसा भाग कारखान्याच्या भोंग्याशी बांधलेला आहे.

आपल्याकडे गोष्ट ऐकण्याची जुनी जागा म्हणजे कीर्तन. बुवा पूर्वरंग आटोपून उत्तररंगात आख्यान लावीत, आणि ते आख्यान मंडपातल्या पोरासोरांनाही ठाऊक असे. द्रौपदीला वस्त्रे पुरविली जाणार हे माहीत असूनही माणसे डोळ्यांना पदर लावीत. उशिरा येणारा गृहस्थ कडेला बसून शेजाऱ्याला हळूच विचारी, "कुठवर आलं?" आणि शेजारी दोन शब्दांत सांगे. कोणाचे काही बिघडत नसे, कारण शेवट हा कोणा एकाच्या मालकीचा नव्हताच. आणि दुसरे असे की, मंडप एक, रात्र एक आणि ऐकणारेही एकत्र बसलेले. पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीच्या रंगभूमीचे पाहा. धानाची कापणी उरकली, गावात शंकरपट भरला, की वडसा-देसाईगंजच्या नाटक मंडळ्या गावोगाव फिरू लागतात आणि नाटक रात्रभर चालते. एका गावी पाहिलेले नाटक पाहुणा म्हणून दुसऱ्या गावी पुन्हा पाहणारे लोक आमच्या कारखान्यांत पुष्कळ आहेत. पण पहाटेपर्यंत बाजूला बसलेल्याला ते पुढचे सांगत नाहीत. का, असे मी एकाला विचारले. तो म्हणाला, "रात्र त्याची बी हाय ना." ह्या उत्तराकडे मला पुन्हा यावयाचे आहे.

एकाच गोष्टीचे वाचक वेगवेगळ्या वेळी वाचू लागले ते छापखान्यामुळे. हरि नारायण आपट्यांनी 1890 साली 'करमणूक' साप्ताहिक काढले आणि 'पण लक्षात कोण घेतो?' ही कादंबरी त्यातून प्रकरणाप्रकरणाने दिली. आठवड्याचा अंक एकाच्या हातून दुसऱ्याच्या हाती जावयाचा, म्हणजे एकाला यमूचे पुढचे दुःख सोमवारी कळणार आणि दुसऱ्याला गुरुवारी. त्यानंतर बाबूराव अर्नाळकरांच्या रहस्यकथा आल्या. झुंजार आणि काळापहाड ह्यांच्यापायी किती मुलांनी शाळा बुडविली याची मोजदाद नाही; हजारावर पुस्तके त्या एका माणसाने लिहिली. माझे स्वतःचे वाचन त्याच वाचनालयांतून झाले, जेथे दिवसाच्या भाड्याने पुस्तक मिळे. तेथे एक खोडसाळ प्रकार असे: पहिल्या पानावर कोणीतरी पेन्सिलने खुन्याचे नाव लिहून ठेवी. आजची तरुण मंडळी ज्याला 'स्पॉयलर' म्हणतात त्याचा माझा पहिला अनुभव तो. भाड्याचे पैसे तर गेलेच, आणि रात्रभर वाचण्याचे कारणही गेले.

रहस्य जपण्याची सार्वजनिक चालही त्याच सुमारास रूढ झाली, पण ती विलायतेत. लंडनमध्ये 25 नोव्हेंबर 1952 रोजी अगाथा ख्रिस्तीबाईंचे 'द माऊसट्रॅप' हे नाटक सुरू झाले. त्याच्या प्रयोगाअंती नट पुढे येऊन प्रेक्षकांना विनंती करतो की, खुनी कोण हे बाहेर सांगू नका. 1960 साली हिचकॉकने 'सायको' काढला तेव्हा खेळ सुरू झाल्यावर कोणालाही आत सोडावयाचे नाही असा नियम चित्रगृहांवर घातला. ह्या दोघांनाही उद्याचे तिकीट विकावयाचे होते, हे विसरता कामा नये. त्यांचा शिष्टाचार गल्ल्याच्या रक्षणाकरिता होता. आपल्याला विचार करावयाचा आहे तो ज्यात पैशाचा संबंध नाही अशा शिष्टाचाराचा, मित्रामित्रांमधल्या.

त्यासाठी रविवारापाशी यावे लागते. गिरणी कामगारांना आठवड्याची सुट्टी नव्हती. नारायण मेघाजी लोखंडे यांनी 1884 पासून सभा घेतल्या, अर्ज केले, आणि 10 जून 1890 रोजी मुंबईच्या गिरणीमालकांनी रविवारची सुट्टी मान्य केली. ती विश्रांतीची सुट्टी होती हे खरेच. पण मला तिचा मोठा लाभ दुसराच वाटतो. सगळ्यांना एकाच दिवशी मोकळे होता आले. भजनी मंडळ, तालीम, सभा ही सारी त्या समाईक दिवसावर उभी राहिली. एकेकाला निरनिराळ्या वारी सुट्टी दिली असती तर तास तेवढेच भरले असते, पण मंडळ भरले नसते.

ह्या समाईक रविवारी सकाळी साडेनऊला 25 जानेवारी 1987 पासून रामानंद सागरांचे 'रामायण' सुरू झाले. मी तेव्हा विशीच्या आत होतो. आमच्या वस्तीत मोजके संच. एकेका खोलीत तीस-चाळीस माणसे, खिडकीबाहेर आणखी तेवढीच. रस्ते ओस पडत. त्या खोलीत कोणी कोणाला शेवट सांगण्याचा प्रश्नच नव्हता. तो तर वाल्मीकींपासून सांगून झालेला. आणि तरीही त्या शेवटासाठी लढा झाला, ही हकीकत फार थोड्यांना माहीत आहे. मालिका रामराज्याभिषेकाशी संपविण्यात आली, 31 जुलै 1988 रोजी. वाल्मीकींना आपला आद्यपुरुष मानणाऱ्या जालंधरच्या सफाई कामगारांना हे मान्य नव्हते. वाल्मीकींच्या आश्रमातला, लव-कुशांचा भाग गाळला तर त्यांचा स्वतःचा ऋषीच गोष्टीतून गळत होता. त्यांनी झाडू खाली ठेवले. उत्तरेकडच्या आणखी शहरांत लोण पसरले, कचऱ्याचे ढीग साचले, आणि अखेर पुढचे भाग काढण्यात आले. पगारासाठी, बोनससाठी, महागाई भत्त्यासाठी झालेले संप मी मोजू शकतो. गोष्टीच्या शेवटासाठी झालेला मला माहीत असलेला हा एकच. शेवट ठाऊक नव्हता म्हणून ते लढले नाहीत. तो सर्वांदेखत, सर्वांबरोबर पाहावयास मिळावा म्हणून लढले.

आता बुटीबोरीकडे वळू. नागपूरच्या दक्षिणेस वर्धा रस्त्यावर, जेथून रेल्वेचा उमरेडचा फाटा निघतो, तेथे औद्योगिक वसाहत पसरली आणि भोवतालच्या खेड्यांतली, तशीच वर्धा, भंडारा, चंद्रपूरकडची पोरे कामाला आली. येथले पुष्कळसे कारखाने अखंड चालणारे. कृत्रिम सुताची यंत्रे आणि भट्ट्या रविवार ओळखीत नाहीत. सकाळी सहा, दुपारी दोन आणि रात्री दहा अशा तीन पाळ्या. आणि साप्ताहिक सुट्टी फिरती. लोखंड्यांनी मिळविलेला दिवस कायद्याने कायम राहिला, पण तो समाईक राहिला नाही. एकाच खोलीत राहणारे तीन मित्र महिन्यातून एखाददुसऱ्या वेळीच एकत्र जेवतात, ही स्थिती मी डोळ्यांनी पाहतो.

दूरचित्रवाणीची मालिका रोजची झाली ती ह्याच काळात. 1999 साली अल्फा मराठी वाहिनी सुरू झाली, मागोमाग आणखी आल्या, आणि संध्याकाळी सातपासून दहापर्यंतचा वेळ मालिकांनी भरला. दुसऱ्या पाळीच्या माणसाचा तो सगळा वेळ यंत्रापाशी जाई. साडेदहा-अकराला तो घरी पोहोचे, आणि जेवण वाढता वाढता बायको त्याला तीन मालिकांचा वृत्तान्त सांगे. 1948 च्या कारखाना कायद्याने स्त्रियांना संध्याकाळी सातनंतर कारखान्यात कामास मनाई केली होती. पुढे निरनिराळ्या राज्यांनी ती सैल केली, पण त्या वर्षांत संध्याकाळच्या गोष्टीची राखण बहुधा घरच्या बाईकडेच असे. ती नुसते सांगत नसे. कोणी काय म्हटले ते हातवारे करून दाखवी, खलनायिकेला चार शिव्या आपल्या पदरच्या घाली. काही घरांत मूळ मालिकेपेक्षा हे सांगणे अधिक रंगे असे मी खात्रीने म्हणेन. दुपारच्या पुनःप्रक्षेपणाला नवरा झोपलेला किंवा निघालेला असावयाचा. म्हणजे सांगितले नाही तर भाग कायमचा हुकला. म्हणून सांगणे हा उपकार.

2016 साली दोन गोष्टी एकत्र आल्या. 'रात्रीस खेळ चाले' ह्या कोकणातल्या वाड्याच्या मालिकेने महाराष्ट्राला आठ महिने खुनी शोधावयास लावले. आणि त्याच वर्षी 5 सप्टेंबरला जिओची सेवा सुरू होऊन स्वस्त इंटरनेट कामगाराच्या खिशातल्या फोनवर आले. मालिका ऑक्टोबरात संपली. तोवर हुकलेला भाग पहाटे तीनलाही पाहता येऊ लागला होता. बाईच्या सांगण्याची गरज संपली. इतकेच नव्हे, तिने प्रेमाने सांगितले तर नवरा कानांवर हात ठेवू लागला. कटप्पाने बाहुबलीला का मारले, हे कोडे तर 10 जुलै 2015 पासून 28 एप्रिल 2017 पर्यंत साऱ्या देशाने बाळगले. पण तेथे उत्तर कोणापाशीच नव्हते, म्हणून भांडणही नव्हते. भांडण होते ते एकाला कळले आणि दुसऱ्याला कळावयाचे आहे, अशा मधल्या काळात.

असे एक भांडण माझ्याकडे आले. कारखान्याचे नाव सांगण्याचे कारण नाही. एकाच यंत्रावर पाळीमागून पाळी येणारे दोघे जिवलग. एकाने कपडे बदलण्याच्या खोलीत खुन्याचे नाव उच्चारले. दुसऱ्याने तो भाग सुट्टीच्या दिवशी घरच्यांसोबत पाहावयाचा म्हणून राखून ठेवला होता. शब्दाने शब्द वाढला, आणि दोघांचे बोलणे बंद झाले. आता चार्ज देताना तोंडी सांगावयाच्या गोष्टी पुष्कळ असतात. कोणती झडप गळते, कोणता पट्टा घसरतो, कोणत्या मोटारीचा आवाज बदलला. वहीत मोजके लिहिले जाते. बाकीचे तोंडानेच जाते. आठवडाभर ते थांबले. एक पट्टा तुटला; कोणाला इजा झाली नाही, पण तेथे हात असता तर गेला असता. तेव्हा दोघांनाही माझ्यापुढे आणून बसविण्यात आले.

नाव उच्चारणाऱ्याची बाजू ऐकून मी थबकलो. तो म्हणाला, "दादा, चार्ज देताना काही लपवायचं नाही हे तुम्हीच शिकवलं." खरे होते. पाळी सोपविणाऱ्याने आपल्याला कळलेले सगळे पुढच्याच्या हवाली करावे, हा कारखान्यातला जुना आणि जीव वाचविणारा शिष्टाचार. यंत्राच्या बाबतीत न सांगणे हा गुन्हा, गोष्टीच्या बाबतीत सांगणे हा गुन्हा. आणि दोन्ही बोलणी एकाच खोलीत, त्याच दहा मिनिटांत. त्या पोराचा घोटाळा झाला यात नवल नाही. झाडीपट्टीतल्या त्या माणसाचे उत्तर मला तेथे उपयोगी पडले. यंत्र दोघांचे समाईक आहे, म्हणून त्याची माहितीही समाईक. सुट्टीची ती रात्र मात्र एकट्या दुसऱ्याची होती. ती त्याने महिनाभर उभे राहून मिळविली होती. मी एवढेच म्हणालो, आणि दोघांना चहा पाजला.

पुढे आमच्या बसगाड्यांत एक चाल पडली. ती मी पाडली असे नव्हे. मालिकेचा विषय निघाला की आधी विचारावयाचे, "कुठपर्यंत पाह्यलं बे?" मग सर्वांत मागे असलेल्याच्या पलीकडे कोणी जात नाही. कीर्तनात हा प्रश्न उशिरा येणारा विचारी. येथे तो पुढे गेलेल्याने विचारावयाचा, एवढाच फरक. मौन किती दिवस पाळावयाचे याचीही मुदत ठरली. आमच्याकडे पाळ्या आठवड्याने फिरतात, तेव्हा तीन आठवड्यांत प्रत्येकाच्या वाट्याला सकाळची पाळी आणि मोकळ्या संध्याकाळी येतात. तेवढी मुदत द्यावयाची. त्यानंतर ज्याने पाहिले नाही त्याने तक्रार करू नये. क्रिकेटच्या सामन्याला मात्र मुदत नाही. तो निकाल फाटकापाशीच फुटतो, आणि ते योग्यच आहे असे माझे मत. 2020 च्या टाळेबंदीत 28 मार्चपासून दूरदर्शनने 'रामायण' पुन्हा दाखविले, तेव्हा अर्थातच कोणी मुदत मागितली नाही.

ही मुदत ज्याला लागू पडत नाही असा एक माणूस प्रत्येक फाटकावर असतो. ठेकेदाराचा पहारेकरी. पुष्कळ ठिकाणी त्याची ड्यूटी बारा तासांची, पाळी बहुधा न फिरणारी आणि सुट्टी घेतली तर रोज बुडालेला. आमच्या ओळखीचा एक असा आहे. तो एकेक भाग तीन-चार तुकड्यांत, गाड्या नसतील तेव्हा, फोनवर पाहतो, आणि नेहमी महिनाभर तरी मागे असतो. पहिल्या पाळीची बस फाटकात शिरताना आतली मुले मालिकेविषयी बोलत असली तर तिथे गप्प होतात. तो टॉर्च मारून ओळखपत्रे पाहतो, दांडी वर करतो, आणि गाडी आत गेल्यावर बोलणे पुढे सुरू होते.